मावशी, ताई, सिस्टर : सेवेच्या घरातला कारभार

आजच्या भाषणाची सुरुवात मी तीन-चार शब्दांपासून करणार आहे. शब्द तुमच्या रोजच्या तोंडातले आहेत. दवाखान्यात गेलो की आपण हाक मारतो, "मावशी, जरा पाणी द्या." स्ट्रेचर ढकलणाऱ्याला म्हणतो, "मामा, हळू." इंजेक्शन देणारी ती सिस्टर. गावात मुलांना खिचडी वाढणारी ती अंगणवाडीताई. कोर्टातल्या कारकुनाला कोणी काका म्हणत नाही, बँकेतल्या मॅनेजरला कोणी मामा म्हणत नाही. पण जिथे म्हाताऱ्या माणसांची, आजाऱ्यांची, लेकरांची सेवा होते, तिथे काम करणारं माणूस एकदम आपल्या नात्यातलं होतं.

यात माया आहे, हे मी नाकारत नाही. पण नात्याची एक दुसरीही बाजू असते. नात्यात हिशेब मागायचा नसतो. मावशीनं पगार विचारला की ती लोभी ठरते, ताईनं सुटी मागितली की ती कामचुकार ठरते. आणि घरातली मावशी कितीही राबली तरी घराच्या किल्ल्या तिच्या कमरेला नसतात. सेवेच्या संस्थांत काम बायकांचं आणि कारभार पुरुषांचा, ही वाटणी आपल्याकडे कशी रुजली, ती कोणी मोडली, आणि आज आपल्या यवतमाळ जिल्ह्यात ती कुठवर आली आहे, याचा दीडशे वर्षांचा धावता आढावा आज घेऊ या.

आधी एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्याच एका वृद्धाश्रमाच्या कार्यकारिणीच्या बैठकीला मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. संस्थेचं नाव सांगत नाही, माणसं भली आहेत. टेबलाभोवती अकरा खुर्च्या होत्या आणि त्यांत एकच बाई होती, तीही एका दिवंगत पदाधिकाऱ्याच्या पत्नी म्हणून. विषय होता नव्या बाथरूमचा. दीड तास चर्चा झाली. टाइल्स कोणत्या, कंत्राट कोणाला, देणगीदाराच्या नावाची पाटी कुठे. अखेर बाथरूम आवाराच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीजवळ बांधायचं ठरलं. पाइपाचा खर्च वाचत होता.

बैठक संपल्यावर मी ओसरीवर आलो. तिथे एक मावशी कपबशा गोळा करत होत्या. एकोणीस वर्षांपासून त्या तिथे रात्रपाळी करतात. मी सहज म्हटलं, "मावशी, आता नवं बाथरूम होणार." त्या हसल्या. म्हणाल्या, "होऊ द्या ना बाप्पा. पन थ्या कोपऱ्यात रातच्याला जाईन कोन? अर्ध्या बुढ्यायले दिसत नाही. पडतीन अन् मोडतीन." मी विचारलं, "मग आत सांगितलं का नाही?" त्यांचं उत्तर मी आजवर विसरलो नाही. "मले कोन इचारते, सायेब? मीटिंगीत चहा न्याचा अन् कपबशा आनाच्या."

बाथरूम खाटेपासून किती पावलांवर असावं, हे त्या इमारतीत फक्त एका माणसाला ठाऊक होतं. आणि ते माणूस निर्णयाच्या वेळी चहा देत होतं. स्त्री-पुरुष समानता म्हटलं की आपल्याला मोर्चे आणि घोषणा आठवतात. मला ते बाथरूम आठवतं. कारण तिथे समानता नसल्याची किंमत त्या मावशींनी एकट्यानं मोजली नाही. ती अंधारात चाचपडणाऱ्या प्रत्येक आजीनं मोजली.

आता मागे जाऊ. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी म्हाताऱ्यांची, आजाऱ्यांची सेवा हे 'काम' मानलंच जात नव्हतं. ते सुनेचं, लेकीचं, घरातल्या विधवेचं कर्तव्य होतं. आलवणातली आत्या किंवा काकू म्हणजे घराची बिनपगारी परिचारिका. तिचं पोट घरावर, म्हणून तिचे हातही घरावर. सेवेची संस्था ही गोष्ट आपल्या समाजात आली तीच मुळी या विधवेच्या प्रश्नातून.

१८६३ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे यावं, बाळंत व्हावं, मूल तिथे ठेवावं. बाळंतपणं, तान्ह्या मुलांचं संगोपन हे सारं सावित्रीबाईंच्या देखरेखीखाली चाले. तिथे करणारी आणि ठरवणारी एकच होती. पुढे १८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करताना त्याच साथीनं सावित्रीबाई गेल्या. आपल्या यवतमाळच्या समाजकार्य महाविद्यालयाला सावित्री-जोतीराव असं जोडनाव आहे. त्या नावात सावित्री आधी आहे, हे तिथे शिकणाऱ्या मुलामुलींनी ध्यानात ठेवावं.

१८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. सदन रमाबाईंचं, पण भोवती सल्लागार मंडळ होतं ते शहरातल्या नामवंत पुरुषांचं. १८९३ मध्ये धर्मांतराच्या शंकेवरून मोठा वाद झाला आणि सल्लागार मंडळानं राजीनामे दिले. त्या वादात कोण बरोबर, कोण चूक, हा आजचा विषय नाही. आजच्या विषयापुरतं एवढंच पाहायचं की त्यानंतर रमाबाईंनी केडगावला मुक्ती सदन उभं केलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात हिंडल्या आणि भुकेनं खंगलेल्या मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावात शेती, विणकाम, स्वयंपाक, दवाखाना, अगदी छापखानासुद्धा बायका चालवू लागल्या. बायकांना सेवा जमते पण कारभार जमत नाही, या समजुतीला ते उत्तर होतं.

पुण्यातच धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. कर्व्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले या स्वतः विधवा. मोठ्या वयात अक्षरं गिरवली, आश्रमाची व्यवस्था सांभाळली आणि वर्गणीसाठी गावोगाव फिरल्या. पैसा गोळा करण्यासाठी त्या थेट अमेरिकेपर्यंत गेल्या. इंग्रजी जेमतेम, अंगावर विधवेचा वेश, आणि आश्रमासाठी पसरलेली झोळी. पैसा आणणं हे कारभाराचं सर्वांत अवघड काम असतं, हे कोणत्याही संस्थाचालकाला विचारा.

१९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं. रमाबाई रानडे अध्यक्षा आणि गोपाळ कृष्ण देवधर खंदे कार्यकर्ते. सेवासदननं ससून रुग्णालयात मराठी घरांतल्या विधवांना परिचारिकेचं शिक्षण द्यायला सुरुवात केली. त्या वेळी परिचारिकेचं काम पांढरपेशा समाजात हलकं समजलं जाई. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रात्री घराबाहेर राहायचं, म्हणजे काय! रमाबाईंनी आपल्या नावाची पुण्याई त्या मुलींच्या पाठीशी उभी केली. विधवेनं घरात फुकट केलेली सेवा आता शिक्षण झाली, प्रमाणपत्र झाली, पगार झाली. हा फार मोठा पल्ला होता. पण रुग्णालयाचा कारभार अजून दूर होता.

आता आपल्या विदर्भात येऊ. माझ्या मते या विषयातला आपल्या भागाचा सर्वांत उजळ अध्याय नागपूरला लिहिला गेला. १९२१ साल. कमलाबाई होस्पेट आणि वेणूताई नेने या दोघी परिचारिका. कमलाबाई बालविधवा, नागपूरच्या डफरिन रुग्णालयात शिकलेल्या. या दोघींनी सीताबर्डीत एक लहानसं सूतिकागृह उघडलं. त्याचं नाव मातृसेवा संघ. हाताशी ना मोठा देणगीदार, ना सरकारी इमारत. होतं ते फक्त आपल्या कामाचं ज्ञान आणि घरोघरी बाळंतपणात दगावणाऱ्या बायका पाहिल्याचं दुःख.

या संस्थेचं वेगळेपण मी मुद्दाम सांगतो. ती कोणा श्रीमंतानं काढून मग तिथे कामाला बायका ठेवल्या, असं झालं नाही. ज्यांनी रात्ररात्र खाटेशी बसून काढली होती त्यांनीच ती काढली आणि त्यांनीच चालवली. पाळीचा तक्ता लावणाऱ्या बाईनं स्वतः रात्रपाळी केलेली होती. औषधांची यादी करणाऱ्या बाईला टाके घालताना काय कमी पडतं ते माहीत होतं. आणि अशी संस्था वाढते कशी, तेही पाहण्यासारखं आहे. सूतिकागृहामागून परिचारिकांचं प्रशिक्षण आलं, विदर्भात शाखा निघाल्या. मतिमंद मुलांसाठी नंदनवन आलं, १९५८ मध्ये समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था आली आणि म्हाताऱ्या माणसांसाठी पंचवटी वृद्धाश्रम आला. म्हणजे जन्मापासून म्हातारपणापर्यंत. एक गरज पुरी करताना पुढची दिसते, कारण पाहणारे डोळे कामाच्या जागेवरच असतात. १९६१ मध्ये कमलाबाईंना पद्मश्री मिळाली.

विदर्भाला सेवेच्या संस्थांचं मोठं लेणं लाभलं आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांचं कुष्ठधाम, अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन, वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन. ही नावं घेताना आपण नकळत पुरुषांची नावं घेतो. आनंदवनात साधनाताईंनी गोठा, स्वयंपाकघर, आल्यागेल्याची सोय आणि रोग्यांची शुश्रूषा यांचा भार वर्षानुवर्षं वाहिला, त्याची कहाणी त्यांनी 'समिधा' या आत्मकथनात सांगितली आहे. बाबांना १९८५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो एकट्यांना. २००८ मध्ये हेमलकशाच्या कामासाठी तोच पुरस्कार जाहीर झाला तेव्हा डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी अशी दोन नावं एकत्र होती. तेवीस वर्षांत नावांची संख्या एकाची दोन झाली. बदल असा सावकाश येतो, पण येतो.

आता एका अशा शब्दाकडे वळू, जो महाराष्ट्रात जन्मला आणि देशभर पोचला. तो शब्द म्हणजे अंगणवाडी. ताराबाई मोडक लग्नानंतर अमरावतीत राहिल्या, म्हणजे आपल्या वऱ्हाडाच्या सूनबाई. संसार टिकला नाही. मुलीला घेऊन त्या बाहेर पडल्या, राजकोटला महिला अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्य झाल्या, भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलं. १९४५ मध्ये त्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या. सोबत अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झालेली ही मुलगी शिकून शिक्षिका झाली होती. मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, असं या दोघींनी ठरवलं. पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी हे काम बहरलं. कल्पना बायकांची, प्रयोग बायकांचा, कारभार बायकांचा.

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. १९७५ मध्ये २ ऑक्टोबरला केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. सुरुवातीला देशभरात तेहेतीस प्रकल्प होते आणि त्यांत महाराष्ट्रातले मेळघाटातलं धारणी आणि मुंबईची धारावी. अंगणवाडी हा शब्द सरकारी झाला. आणि सरकारी होताना एक गोष्ट बदलली. कोसबाडला बाई संस्थेच्या माथ्यावर होती. योजनेत ती पायथ्याला आली. सर्वांत खाली मदतनीस, तिच्यावर सेविका, तिच्यावर पर्यवेक्षिका, तिच्यावर बालविकास प्रकल्प अधिकारी, मग जिल्हा परिषद, मग मंत्रालय. खालच्या दोन पायऱ्यांवर शंभर टक्के बायका. आणि त्या दोन पायऱ्यांना पगार नाही, तर 'मानधन'.

हा मानधन शब्द मोठा गमतीचा आहे. यात मान आहे आणि धनही आहे. प्रत्यक्षात १९७५ मध्ये मॅट्रिक न झालेल्या सेविकेला महिना शंभर रुपये मिळत, मॅट्रिक झालेलीला दीडशे आणि मदतनिसाला पस्तीस. तर्क असा की ही काही नोकरी नाही, गावातलीच बाई आहे, घरचं सांभाळून चार घटका समाजाची सेवा करील. म्हणजे आलवणातल्या आत्याचाच तर्क. फक्त घराच्या जागी सरकार.

त्या चार घटकांत किती कामं बसवली? पूरक आहार, शाळापूर्व शिक्षण, लसीकरणाला मदत, आरोग्य तपासणी, आजारी मुलाला पुढे दवाखान्यात पाठवणं, आयांना पोषणाचं शिक्षण. शिवाय वजनं, नोंदवह्या, सर्वेक्षणं आणि अलीकडे मोबाइलवरची माहिती. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की अंगणवाडी सेविका शासकीय पद धारण करत नाहीत, म्हणजे त्या सरकारी नोकर नाहीत. २०१७ मध्ये राज्यभरातल्या सेविका-मदतनीस जवळपास महिनाभर संपावर गेल्या. मग २०१८ च्या मार्चमध्ये राज्य सरकारनं त्यांना मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवा कायदा, लावला. विधिमंडळात गदारोळ झाला आणि त्या निर्णयाला स्थगिती द्यावी लागली. पण त्यातली विसंगती पाहा. पगाराच्या वेळी त्या स्वयंसेविका. संपाच्या वेळी त्यांची सेवा अत्यावश्यक!

२०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुजरातमधल्या सेविकांच्या प्रकरणात निकाल दिला की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना १९७२ च्या कायद्यानुसार ग्रॅच्युइटी लागू होते. न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि न्यायमूर्ती अभय ओक यांचा हा निकाल. योजना सुरू झाल्यापासून सत्तेचाळीस वर्षांनी कायद्यानं मान्य केलं की निवृत्त होताना या बाईच्या हातावर काहीतरी ठेवलं पाहिजे. आशाताईंचीही हीच कथा. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून त्या आल्या. कोरोनाच्या काळात दारोदार फिरल्या. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा गौरव केला. त्याच्या आदल्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही महाराष्ट्रातल्या आशांना मोबदल्यासाठी संप करावा लागला होता.

या सगळ्याचं यवतमाळशी नातं काय, असं कोणी विचारलं तर मी ११ जानेवारी २०१९ ची आठवण देतो. यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. उद्घाटक म्हणून ज्येष्ठ लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण मागे घेतलं गेलं आणि महाराष्ट्रभर वाद उसळला. मग उद्घाटनाचा मान दिला गेला कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांना. कर्जापायी नवऱ्यानं आत्महत्या केलेली, दोन लेकरांची आई. बहुतेकांना त्या शेतकरी विधवा म्हणून आठवतात. त्या अंगणवाडीत मदतनीस म्हणूनही काम करत होत्या, हे फार कमी जणांच्या ध्यानात राहिलं. म्हणजे मघाशी सांगितलेल्या शिडीची सर्वांत खालची पायरी. आपल्या जिल्ह्यात शेतीनं दगा दिल्यावर घर सावरायला अशा कितीतरी बायका याच दारानं बाहेर पडल्या. कोणी अंगणवाडीत, कोणी आश्रमशाळेत स्वयंपाकाला, कोणी दवाखान्यात आया म्हणून. ज्या बाईचं स्वतःचं घर कोसळलं तिच्याच खांद्यावर आपण दुसऱ्यांची लेकरं आणि म्हातारे ठेवतो, आणि हातावर मानधन ठेवतो.

या जिल्ह्यानं राज्याला वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक असे दोन मुख्यमंत्री दिले, हे आपण अभिमानानं सांगतो. सुधाकररावांच्या कारकिर्दीत, जानेवारी १९९३ मध्ये, राज्य महिला आयोग स्थापन झाला. १९९४ मध्ये महाराष्ट्राचं पहिलं महिला धोरण आलं. पंचायतराजमध्ये बायकांना आधी एक तृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा मिळाल्या. सरपंचाच्या खुर्चीवर बाई बसली. पण गावातल्या सेवेच्या संस्थेच्या खुर्चीवर? तिथे आरक्षण नाही, तिथे आपल्यालाच विचार करायचा आहे.

समान वेतनाचा कायदा नाही का, असं कोणी म्हणेल. होता, १९७६ चा, आणि पुढे तो २०१९ च्या वेतन संहितेत सामावला गेला. एकाच कामाला बाईला कमी आणि पुरुषाला जास्त असं चालणार नाही, असं तो सांगतो. पण त्यात एक मेख आहे. तुलना करायला त्याच कामावर एक पुरुष लागतो. जिथे सगळ्या मावश्याच आहेत तिथे तुलना कोणाशी करणार? सगळ्यांनाच सारखं कमी मिळतं, आणि कायद्याच्या लेखी सगळं समान असतं.

कामाच्या जागी बाईच्या अब्रूचं रक्षण करणारा कायदाही एका सेवाकर्मी बाईच्या दुःखातून आला. राजस्थानातल्या भंवरी देवी या सरकारी महिला विकास कार्यक्रमातल्या 'साथिन'. त्याही मानधनावर. बालविवाह थांबवण्याचं आपलं काम त्यांनी केलं, त्याचा सूड म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर अत्याचार झाला. त्या प्रकरणानंतर दाखल झालेल्या याचिकेवर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विशाखा मार्गदर्शक तत्त्वं दिली आणि २०१३ मध्ये कायदा झाला. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवी आणि तिची अध्यक्ष ज्येष्ठ पदावरची बाईच हवी. दहापेक्षा कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. आपल्याकडचे बरेच आश्रम, वसतिगृहं, लहान दवाखाने या दुसऱ्या प्रकारात मोडतात. त्यांच्या भिंतीवर देणगीदारांची यादी असते. स्थानिक समितीचा पत्ताही असायला हवा.

आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांना कोण विसरेल? १९७३ मध्ये त्यांच्यावर रुग्णालयातच अमानुष हल्ला झाला आणि त्या बेचाळीस वर्षं अचेतन अवस्थेत राहिल्या. पिढ्यामागून पिढ्या बदलल्या, पण तिथल्या परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा सोडली नाही. २०११ मध्ये त्यांच्या दयामरणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा न्यायालयानं म्हटलं की अरुणाच्या वतीनं बोलण्याचा अधिकार केईएमच्या सेवकवर्गाचा आहे, कारण इतकी वर्षं त्यांनीच तिला सांभाळलं. सेवा करणाऱ्याला निर्णयाचा अधिकार, हे तत्त्व मला तरी याहून स्पष्ट कुठे सापडलेलं नाही.

आता उद्याकडे पाहू. २०११ च्या जनगणनेत देशात साठ वर्षांवरची माणसं दहा कोटींहून जास्त होती, आणि त्यांत बायका पुरुषांपेक्षा अधिक होत्या. महाराष्ट्रात दर शंभरात जवळपास दहा. २००७ च्या कायद्यानं मुलांवर आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी टाकली आणि प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे गरीब वृद्धांची सोय होईल असं वृद्धाश्रम असावं, अशी तरतूद केली. त्याआधी १९९५ मध्ये राज्यात मातोश्री वृद्धाश्रम योजना आली होती. आपल्याकडे आर्णी तालुक्यातल्या उमरी पठारचं संत दोला महाराज वृद्धाश्रम तर सर्वांच्या परिचयाचं आहे. पोरं पुण्या-नागपूरला, आईबाप गावात, हे चित्र आता घरोघरचं आहे. अशी आश्रयस्थानं वाढणार, आणि त्यांत राहणाऱ्या आज्या जास्त असणार, राबणाऱ्या मावश्याही जास्त असणार.

पण समानतेची गोष्ट इथे एकतर्फी नाही. म्हाताऱ्या आजोबांना आंघोळ घालायला बाई आली की ते संकोचानं आक्रसतात, हे मी पाहिलं आहे. पुरुषांनी या कामात यायला हवं. आपल्याकडे पुरुष येतो तो मामा म्हणून, वजन उचलायला. नाही तर सुपरवायझर म्हणून. अंग पुसायला, घास भरवायला, डायपर बदलायला तो येत नाही. २०१९ मध्ये एम्स संस्थांनी परिचर्येच्या भरतीत ऐंशी टक्के जागा बायकांसाठी ठेवायचं ठरवलं. बायकांना नोकऱ्या मिळाल्या, आनंद आहे. पण सेवा म्हणजे बाईचंच काम, हा शिक्का त्यानं आणखी गडद होतो का, हाही प्रश्न विचारायला हवा. पुरुष हे काम करू लागतील तेव्हा त्याचा पगार वाढेल, असं एक अनुभवी परिचारिका मला म्हणाल्या होत्या. बोलणं कडू आहे, पण खोटं म्हणवत नाही.

मग करायचं काय? मोठ्या गोष्टी सरकार करील तेव्हा करील. जिल्ह्यातल्या संस्थाचालकांना माझ्या चार साध्या विनंत्या आहेत. पहिली, कार्यकारिणीत एक जागा प्रत्यक्ष सेवा करणाऱ्या माणसाला द्या, आणि ती चहासाठी नव्हे, मतासाठी. दुसरी, मानधन असो वा पगार, त्याची लेखी पावती महिन्याच्या ठरल्या तारखेला हातात द्या. तिसरी, रात्रपाळीच्या मावशीला आठवड्याची सुटी आणि झोपायला दाराला आतून कडी असलेली खोली द्या. आणि चौथी, आजोबांसाठी एक तरी पुरुष सेवक नेमा आणि त्यालाही तेच काम, तोच पगार द्या. यातल्या एकाही गोष्टीला मोठी देणगी लागत नाही.

जाता जाता त्या बाथरूमची गोष्ट पुरी करतो. मावशींचं म्हणणं मी अध्यक्षांच्या कानावर घातलं. ते भले गृहस्थ. क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "आमच्या डोक्यातच आलं नाही हो." दुसऱ्या दिवशी त्यांनी मावशींना बोलावलं आणि दोघं मिळून रात्रीच्या अंधारात खाटेपासून पावलं मोजत गेले. बाथरूम व्हरांड्यालगत झालं. पाइपाचा खर्च थोडा वाढला. भिंतीला धरायला दांडी बसवली, तीही मावशींनी सांगितलेल्या उंचीवर. मध्यंतरी मी तिथे गेलो होतो. एक आजी दांडी धरून एकट्या जात होत्या, कोणाला हाक न मारता.

परतताना माझ्या ध्यानात आलं की इतक्या वर्षांत मी त्या मावशींचं नाव विचारलं नव्हतं. मागे वळलो आणि विचारलं. त्यांनी नाव सांगितलं, आडनावासकट, अगदी हजेरीपटावर असतं तसं. तुमच्या ओळखीच्या दवाखान्यात, आश्रमात, अंगणवाडीत अशी कोणी असेल, तर उद्या तेवढं विचारून पाहा.